एकाच खडकावर फाटलेली जाळी

ता. ३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस, पत्र माझंच आहे. मी सांगतो आणि खालच्या मजल्यावरचे दोरखंडवाले लिहितात. माझं अक्षर वाचताना डोळे दुखतात अशी तुझीच तक्रार होती, म्हणून ही सोय केली. गृहस्थ चांगले आहेत, फक्त मी एक वाक्य सांगितलं की दोन लिहितात. कुठे फार शहाणपण दिसलं तर ते त्यांचं समज.

भावोजींनी दोन्ही राज्यांची तुलना मागितली होती, तीही फुगवून न सांगता. तर ऐक. तुमच्या राज्यात मासेमारीची बंदी दोन महिने, इथे दीड. तुमच्याकडे बांगड्यासाठी तीस मैल आत जावं लागतं आणि निम्मा दिवस येण्याजाण्यात जातो. इथे दहा मैलांवर तळ एकदम खोल होतो आणि मासा तिथेच फिरत असतो. बर्फाचा कारखाना धक्क्याला लागून आहे, रांग नाही. लिलाव सकाळी सहाला सुरू होतो तो आठला संपलेला असतो. तुमच्याकडे दर आठवड्याला साहेब येऊन जाळ्याची घरं किती मोठी ते मोजतात, इथे वर्षातून एकदा परवान्याच्या वेळी मोजली की झालं.

आता महत्त्वाचं. बाहेरच्या राज्यातल्या होड्यांची नोंदणी ३० तारखेपर्यंत खुली आहे. त्यासाठी तिकडचा परवाना रद्द केल्याचा कागद लागतो, आणि एकदा रद्द केला की तीन वर्षं तिकडे परत मिळत नाही. म्हणून भावोजींनी नीट विचार करावा. पण विचार करत पुढचं वर्ष उजाडू देऊ नये. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, साधी चप्पल घ्यायला तीन दुकानं फिरतात.

बर्फाच्या गाडीबरोबर माझं अर्धं जाळं पाठवतोय. खडकावर घासून फाटलं. इथले जाळीवाले गाठ सैल मारतात, आईची गाठ त्यांना येत नाही. घाई नाही, पण महिनाअखेर हवं.

तुझी पाठ कशी आहे? पाटावर बसतेस की अजून फरशीवरच? मला उलट टपाली कळव आणि भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
काडी


ता. ७ ऑक्टोबर

चि. काडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. ह्यांनी ते मला वाचून दाखवलं, मग शेजारी, मग इंजिन दुरुस्तीवाल्याला. आता स्वयंपाकघराच्या दारावर खडूने दोन रकाने आखलेत, ‘इकडे’ आणि ‘तिकडे’. बंदी, बर्फ, अंतर, लिलाव, सगळं त्यात भरलंय. तिकडचा रकाना उंबऱ्यापर्यंत आलाय. घरमालक येऊन बघून गेले आणि दार पुसून देणार ना, एवढंच विचारून गेले.

चेष्टा बाजूला ठेवते. इथली परिस्थिती तुला कळायला हवी. गेल्या महिन्यात आमची होडी अकरा वेळा गेली आणि चार वेळा नुसता बर्फ घेऊन परत आली. हे काही बोलत नाहीत. येतात, हात धुतात आणि जेवायला बसतात. पूर्वी जेवताना तासभर समुद्र सांगायचे. माणूस घरात असून घर इतकं गप्प असावं हे मला सहन होत नाही. तेव्हा तिकडे यायला माझी ना नाही. मला जाळी दुरुस्तीची शेड सोडायचं वाईट वाटेल, पण सुई कुठेही चालते.

तुझं जाळं आलं. चिठ्ठीवर खडक लिहिलंयस. तुझ्याशिवाय आणखी चार होड्या इकडून तिकडे गेल्यात, त्यांचीही जाळी दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, आणि त्यांच्याही चिठ्ठ्यांवर खडक. मी शेडमधल्या बायकांना म्हटलं, तिथे एकच खडक दिसतोय, आणि त्याला नेमकी आमचीच माणसं सापडतात. सगळ्या हसल्या. मग मी जाळं पसरलं. तो खडक कुठे आहे, किती खोल, ते जरा नीट लिही. हे तिथे नवीन असणार.

फोन करायचा विचार होता, पण दुकानातल्या फोनवर अख्खी गल्ली कान लावून असते. दोरखंडवाल्यांना नमस्कार. त्यांना म्हणावं, माझ्या भावाचं अक्षर वाईट असलं तरी मला ते चालतं. पुढचं पत्र तू स्वतः लिही.

पाठ आहे तशीच. पाटावर बसते. माया आहेच, पत्रात कंजूषपणा करू नकोस.

तुझी,
ताई


ता. ११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हेही दोरखंडवालेच लिहीत आहेत. हात सारखे ओले असतात, कागद खराब होतो. रागावू नकोस.

खडकाचं विचारलंस. तो धक्क्यापासून सात मैलांवर आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, आणि भावोजींना मी स्वतः दाखवीन. शिवाय थोडं जाळं आमच्याच होडीच्या पंख्यात आलं असावं. समुद्रात काय कशाने फाटलं याची चौकशी कोण करतं?

जाळ्याचा उरलेला अर्धा भाग पाठवतोय. तुझं काम कमी व्हावं म्हणून थोडा मीच विणून घेतलाय. गाठी वाकड्यातिकड्या वाटल्या तर हस, पण कुणाला दाखवू नकोस.

भावोजी नक्की कधी निघतात? माझ्या होडीशेजारची धक्क्याची जागा मी अडवून ठेवली आहे. रोज कुणीतरी विचारतं आणि रोज मी सांगतो की येताहेत. ताई, ते खरंच येताहेत ना? दोन होड्या असल्या की काम सोपं होतं. एवढंच.

तुझा,
काडी


ता. १२ ऑक्टोबर

प्रिय काडी यास,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितोय, तेव्हा उत्तर होडीच्या पत्त्यावर, गाडीवाल्याच्या हाती पाठव.

मी तुलनेचा कागद तीनदा तपासला. सगळ्या बाजूंनी तिकडचं पारडं जड आहे. इथे आता माझ्याच्याने होत नाही. काल जाळं ओढलं तेव्हा त्यात अकरा मासे होते. मी ते मोजले, याचीच मला लाज वाटली. पूर्वी आपण मासे मोजत नव्हतो.

पण तुझ्या तुलनेत एक गोष्ट नाही. बर्फ लिहिलास, अंतर लिहिलंस, माणसांबद्दल काहीच लिहिलं नाहीस. आपल्या धक्क्यावर बाहेरची होडी आली की आपले लोक कसे वागायचे ते मी लहानपणी पाहिलंय, आणि मीही त्यांच्यात उभा होतो. म्हणून तुला एकच प्रश्न विचारतो आणि त्याचं एका शब्दात उत्तर दे. तिथले लोक बाहेरच्यांना त्रास देतात का? ‘हो’ म्हणालास तर दारावरचा खडू पुसून टाकतो, पुन्हा विषय काढणार नाही. ‘नाही’ म्हणालास तर त्याच दिवशी जाऊन इथला परवाना रद्द करतो.

तुझ्या शब्दावर जातोय. तब्येत सांभाळ.

तुझे,
भावोजी


ता. १५ ऑक्टोबर

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

नाही. खडक सोडला तर इथे कुणाशी वैर नाही. लवकर या.

आपला,
काडी


ता. १९ ऑक्टोबर

चि. काडीस,
आशीर्वाद.

आज थट्टा नाही. हे पत्र तू एकट्याने वाच, दोरखंडवाल्यांना वाचायला देऊ नकोस.

तुझ्या जाळ्याचा दुसरा भाग सोमवारी आला. मी तो शेडच्या फरशीवर पूर्ण पसरला आणि गुडघ्यांवर बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला. खडकाने जाळं फाटतं तेव्हा धागा आधी ताणतो, मग पिंजतो, आणि आजूबाजूची दहा-बारा घरं ओढली जाऊन वेडीवाकडी होतात. इथे एकही घर ओढलेलं नाही. वरच्या दोरीपासून खालपर्यंत सरळ रेघ आहे. टोकं पिंजलेली आहेत खरी, पण ती तू दगडावर घासून पिंजलीस. मध्ये सात टोकं घासायची राहिली, ती पातीने कापल्यासारखी नीट आहेत. एवढी वर्षं माझ्याशेजारी बसून सुई भरलीस आणि मला हे कळणार नाही असं तुला वाटलं?

पहिलं जाळं आलं तेव्हाच मला शंका आली होती. त्यातही रेघ सरळ होती. तरी मी तुला फक्त खडक कुठे आहे एवढंच विचारलं आणि ह्यांना तर काहीच सांगितलं नाही. का, ते आज कबूल करते. मला तिकडे यायचं होतं. घरातली शांतता संपावी असं वाटत होतं, म्हणून मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही आणि तुझ्या चिठ्ठीवर ठेवला.

पण मी हे पत्र त्यासाठी लिहीत नाही. तू स्वतः विणून घेतलेला भाग मी पाहिला. गाठ आईचीच आहे, दोन वेढ्यांची. पण प्रत्येक गाठ उलटी आहे. आरशात बघावी तशी. मी माझी सुई डाव्या हातात धरली आणि तशी गाठ मारून पाहिली, तेव्हा ती तुझ्या गाठीसारखी आली. त्यानंतर मला तिथे बसवेना.

तू डावखुरा नाहीस. तुझी पत्रं दुसरा माणूस लिहितो. तुझ्या उजव्या हाताला काय झालंय?

हे २७ ला निघणार म्हणतात. बर्फाची गाडी २२ ला तिकडून निघेल. तिच्याबरोबर उत्तर दे. स्वतःच्या हाताने दे, कसंही अक्षर असो.

ताई


ता. २१ ऑक्टोबर

ताई,
नमस्कार.

डाव्या हाताने लिहितोय. सकाळपासून एवढंच झालंय. दोरखंडवाल्यांनी यापुढे माझं खोटं लिहून द्यायचं नाकारलं. भावोजींना उत्तर लिहितानाही त्यांनी लेखणी दोनदा खाली ठेवली होती.

ऑगस्टच्या शेवटी, भर दुपारी झालं. मी सात मैलांवर जाळं टाकून बसलो होतो. इथलीच एक होडी आली. तिघे होते. एकाने माझी वरची दोरी आकड्याने उचलली आणि कापायला लागला. जणू स्वतःच्याच परसातली वेल कापतोय, इतका सावकाश. मी ओरडलो नाही. होडी जवळ नेली आणि दोरी पकडायला गेलो, हातात पाती आली. मुद्दाम नाही मारलं त्यांनी. पण थांबलेही नाहीत. दवाखान्यात टाके घातले. अंगठा आणि शेजारचं बोट हलतं, बाकीची तीन मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. मी रोज चेंडू दाबतो. चेंडू दबत नाही.

समुद्राबद्दल मी लिहिलं ते सगळं खरं आहे, ताई. मासा आहे, बर्फ आहे, बंदी दीडच महिना आहे. पण बाहेरच्या होडीने दहा मैलांच्या अलीकडे जाळं टाकलं की ते कापतात, कागदावर परवाना असला तरी. बाकीच्या चार होड्यांचंही तेच होत असेल. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. प्रत्येकाला वाटतं आपणच कमी पडलो. धक्क्यावर भेटलो की खडकाबद्दल बोलतो.

इथला नियम आहे, बाहेरची होडी नव्वद दिवस समुद्रात गेली नाही तर परवाना जातो. माझे चाळीस उरलेत. एका हाताने जाळं ओढता येत नाही. भावोजी शेजारी असते तर कुणाची हिंमत झाली नसती, असं मला वाटत होतं. खरं सांगू का? मला माणूस हवा होता. मासे हे निमित्त.

त्यांनी मला सरळ विचारलं होतं की इथले लोक त्रास देतात का. मी ‘नाही’ म्हणून कळवलं. ते म्हणाले होते की उत्तर आल्या दिवशी तिकडचा परवाना रद्द करीन. तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगतो. त्यांना थांबव. अजून रद्द केला नसेल तर थांबव. धक्क्यावरची जागा मी सोडून देतो.

तुझ्याकडे माफी कशी मागायची ते कळत नाही.

काडी


ता. २४ ऑक्टोबर

चि. काडीस,
आशीर्वाद. आहेतच, रागावले म्हणून ते काही कमी होत नाहीत.

तुझं पत्र काल सकाळी मिळालं. मी ते घेऊन सरळ परवान्याच्या कचेरीत गेले, घरी नाही. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर उघडून शिक्का दाखवला. १७ तारखेलाच रद्द. मी म्हटलं, चूक झाली, परत घ्या. त्या चांगल्या होत्या, त्यांनी साहेबांनाही विचारलं, पण तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. कचेरीच्या पायऱ्यांवर बसून मी तुला मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई असती तर तिने माझं तोंड धरलं असतं.

मग घरी येऊन ह्यांच्या हातात पत्र दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि होडीवर निघून गेले. मला वाटलं, संपलं. दुपारी आले ते हात काळे करून. इंजिनचा पट्टा बदलून आले होते. जेवताना म्हणाले की काडीने खरं कळवलं असतं तर मी तिकडे जायला निघालोच नसतो, त्याला तिथे तसाच सोडून इथे अकरा मासे मोजत बसलो असतो, आणि मला त्याच्या खोटेपणापेक्षा हेच जास्त लागतंय. तुझ्यावर ते रागावलेत, नाहीत असं वाटून घेऊ नकोस. ते प्रत्यक्ष भेटीत बोलतील आणि तू ऐकून घे.

आता मी काय केलं ते सांगते. दुरुस्तीआधी जाळ्याच्या फाटक्या कडा छाटाव्या लागतात. त्या कडा मी कधी फेकत नाही, शेडमध्ये आकड्याला लावून ठेवते, गाठोडी बांधायला उपयोगी पडतात. तू हसायचास त्याला. काल संध्याकाळी मी ते सगळे झुबके उतरवून दारासमोर मांडले. दोन तुझे आणि बाकी त्या चार होड्यांचे. प्रत्येक झुबका त्याच्या चिठ्ठीसकट बांधला. ‘खडक, खडक, खडक, खडक.’ सगळ्यांची सरळ रेघ. एकाने तर तुझ्यासारखीच टोकं घासली होती, बिचाऱ्याने तुझ्यापेक्षा नीट घासली.

मग मी त्या चारही होडीवाल्यांच्या घरी, त्यांच्या बायकांकडे गेले. चौघींकडेही समुद्र माशांनी भरलेला असल्याची पत्रं होती. मी त्यांच्यासमोर झुबके ठेवले. एक रडली, एकीने मलाच दार दाखवलं, आणि तासाभराने तीच माझ्या मागे धावत आली. आता चौघींनीही आपापल्या माणसाला पत्रं लिहिली आहेत, ती माझ्या पिशवीत आहेत. तुम्ही पाच जण एका धक्क्यावर राहून एकमेकांपासून जे लपवत होतात ते माझ्या आकड्याला दोन महिने टांगलेलं होतं. तिथल्या मासेमारी कचेरीत तुम्ही पाचही जण एकत्र जायचं, आणि झुबके टेबलावर मी ठेवणार. ते काय करतील मला माहीत नाही. कदाचित काहीच करणार नाहीत. मला भीती वाटते, हे तुला सांगून ठेवते. पण मग सात मैलांवर जायचं ते पाच होड्यांनी, आणि आमची सहावी.

आम्ही २७ ला सकाळी निघतो. हे, मी, दोन ट्रंका आणि सुया. शेडमधल्या बायकांना सांगितलंय की खडक बघायला चालले. दार मी पुसून दिलं. जाळं पूर्ण झालंय. फाटका भाग सगळा भरला, पण तुझ्या उलट्या गाठी सोडवल्या नाहीत. ओढून बघितल्या, पक्क्या आहेत.

धक्क्यावरची जागा सोडू नकोस. २८ ला दुपारपर्यंत पोचू. तू तिथे उभा राहशील तेव्हा उजवा हात खिशात घालून उभा राहू नकोस. मला तो सगळ्यांच्या आधी बघायचा आहे.

बाकी भेटीत. तोवर राग माझ्याकडे ठेवते, जीव तुझ्याकडे आहे.

तुझी,
ताई